ठरलेलं उत्तर

आमच्या कंपनीत पैसे घालायला एक बाई तयार आहे, असं धाकट्यानं मला सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "का?" तो हसला. म्हणाला, ताई, लोकांना आधी आनंद होतो आणि मग प्रश्न पडतात. मी म्हटलं, होईल आनंद, पण आधी का ते कळू दे. माझा नवरा म्हणतो, डॉक्टरनं दिलेली गोळीसुद्धा तू उलटसुलट करून बघतेस. बघतेच. ती माझ्या पोटात जायची असते, त्याच्या नाही.

कंपनी कंपनी म्हणतो आम्ही, पण आहेत त्या कुलपं-किल्ल्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत धाकटा आणि त्याचे संगणक, दुसऱ्या खोलीत मी आणि माझे कान. म्हणजे लोकांच्या कानांचे साचे. मी आधी दातांच्या कवळ्या करायची. आईला कमी ऐकू यायला लागलं, तिच्यासाठी चांगलं महागाचं श्रवणयंत्र आणलं, तर ते कानात नीट बसेना आणि सारखी शिट्टी मारायचं. आईनं वैतागून ते कपाटात फेकलं. मी कवळीच्या कामातलं मऊ रबर तिच्या कानात भरलं, तिला तोंडाची उघडझाप करायला लावली, कारण बोलताना कानाची नळीसुद्धा हलते, आणि घट्ट झाल्यावर ते काढून त्यावरून साचा घडवला. शिट्टी थांबली. मला एवढंच दिसलं की आईला ऐकू येतंय. धाकट्याला त्यात कंपनी दिसली, आणि चांगली नोकरी सोडून तो मोकळा झाला. आता आमची माणसं घरोघर जाऊन कानाचं माप घेतात, धाकट्यानं केलेल्या ॲपवर सगळी नोंद होते, संगणकावर साच्याला आकार मी देते, यंत्र तो छापतं, आणि शेवटी कुठे घासायचं, कुठे हात लावायचा नाही, ते पुन्हा मी बघते. कवळ्या करत होते तेव्हा माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव लागायचं. या खोल्यांत पहिल्यांदा काहीतरी माझं होतं. ते कोणी काढून घेईल ही भीती मला पहिल्या दिवसापासून होती, कारण माझं म्हणून जे काही झालं, त्यावर आजवर कोणी ना कोणी हात ठेवलाच आहे.

बाईसमोर उभं राहायच्या आधी कंपनीला तयार करावं लागतं म्हणे. त्यासाठी धाकट्यानं एक सल्लागार आणला. त्याच्या शर्टाला घडी, बोलण्याला घडी, हसला तरी घडी मोडू न देता हसायचा. मी त्याचं नाव इस्त्री ठेवलं. त्यानं आमच्या मोडक्या खुर्च्या काढायला लावल्या, माप घेणाऱ्या माणसांशी रीतसर करार करायला लावले, आणि फुकट साचे नेलेल्या लोकांना गिऱ्हाईक म्हणून मोजायचं नाही असं धाकट्याला बजावलं. हे सगळं मला पटलं. पटलं म्हणून मी जास्तच सावध झाले. ज्याचं सगळंच पटतं त्याच्याकडे नीट बघायला हवं, असं माझं मत आहे.

मग एक दिवस धाकटा भिंतीसमोर उभा राहून बाईंना सांगायची गोष्ट म्हणून दाखवायला लागला. मी दाराशी साचा घासत ऐकत होते. "एका संध्याकाळी माझी आई जेवणाच्या टेबलाशी एकटीच गप्प बसली होती. ते बघून मी ठरवलं, आणि तिच्या कानाचा पहिला साचा मी तयार केला." माझ्या हातातला साचा घासता घासता नको तेवढा घासला गेला. मी आत जाऊन विचारलं, पहिला साचा कोणी केला? धाकटा इस्त्रीकडे बघायला लागला. इस्त्रीनं समजावलं की गोष्टीत एकच नायक असावा लागतो, दोन असले की ऐकणाऱ्याचं लक्ष फाटतं. मी म्हटलं, मग ठेवा ना एकच, पण ज्यानं साचा केला तो ठेवा. यावर तो म्हणाला, ताई, बोलणार धाकटे आहेत, म्हणून त्यांच्या तोंडी घातलं, एवढंच. धाकटा म्हणाला, अगं नुसती गोष्ट आहे ती. संध्याकाळी घरी जाताना त्यानं माझी पिशवी उचलून घेतली, तेही मला आवडलं नाही. एरवी तो कधी घेत नाही.

त्यानंतर मला सगळीकडे पाणी मुरताना दिसायला लागलं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक नवी मुलगी येऊन बसली. चुणचुणीत, शांत, बघणारी. माझ्या हातांसमोर तिनं मोबाईल उभा करून ठेवला आणि मी साचा कसा धरते, कोणत्या बाजूनं घासते, केव्हा थांबते, ते सगळं टिपून घ्यायला लागली. इस्त्रीचं म्हणणं, ताईंचं ज्ञान कंपनीचं झालं पाहिजे. उद्या ताई आजारी पडल्या तर? मी कधी आजारी पडते का, असं मी विचारलं. त्या मुलीवर रागवावं तर ती इतकी नम्र की रागही धड धरता येईना. मग मी तिला शिकवताना एक गोष्ट गाळायला लागले. कानाच्या वाकणापाशी किंचित जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर संध्याकाळपर्यंत कान दुखायला लागतो. ते मी ती पाणी प्यायला उठली की करून टाकायची. यात मला लाज वाटली नाही. तिजोरीची किल्ली कोणी मोबाईलसमोर धरतं का?

आणि मग जिना. आमच्या खोलीत फोनला आवाज नीट येत नाही म्हणून धाकटा नेहमीच जिन्यात जाऊन बोलतो, पण आजकाल मी दिसले की त्याचं बोलणं तुटायचं. एकदा मी वरून उतरत होते आणि तो खालच्या वळणावर पाठमोरा उभा होता. "ताईला यातलं काही माहीत नाही," तो म्हणत होता, "आणि कळूही द्यायचं नाही." मी तशीच पाऊल न वाजवता परत वर गेले. मनात नुसती पाल चुकचुकली असती तर मी तिला हाकलून दिलं असतं, पण आता तर तोच बोलला होता, माझ्या कानांनी ऐकलं होतं. ज्याला मी शाळेच्या दारापर्यंत बोट धरून नेलं, तो मला माझ्याच खोलीतून बाहेर काढणार, असं मी रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, विचार की त्याला सरळ. हे पुरुष सांगतात तितकं सोपं असतं का? विचारलं आणि तो हो म्हणाला तर?

त्याच आठवड्यात इस्त्रीनं आम्हा दोघांना समोर बसवून बाईंबद्दल सांगितलं. बाईंनी पूर्वी एका बहीण-भावाच्या कंपनीत पैसे घातले होते. भावंडं भांडली, कंपनी बसली आणि बाईंचे हात चांगले पोळले. तेव्हापासून भावंडं आली की त्या दोघांना वेगवेगळं आत बोलावतात आणि एकच प्रश्न विचारतात: तुमच्यातल्या एकालाच ठेवायचं झालं, तर कोणाला ठेवावं? इस्त्री म्हणाला, इथे दोघांचं उत्तर एकच हवं, शब्दाला शब्द. मग आम्ही उत्तर ठरवलं. "ठेवायचं तर दोघांना, नाहीतर कोणालाच नाही." धाकट्यानं ते दोनदा म्हटलं, मी एकदा. तो म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता, असं मला वाटलं. कदाचित मीच त्याच्याकडे बघत नसेन.

इस्त्रीची तालीम घ्यायची एक तऱ्हा होती. तो आमच्या खुर्च्या बदलायचा. धाकट्यानं ताई म्हणून बोलायचं, मी धाकटा म्हणून, आणि इस्त्री बाई. म्हणे याने एकमेकांची बाजू कळते. धाकट्यानं माझी नक्कल इतकी बेमालूम केली की ती नवी मुलगी तोंड दाबून हसली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून तो म्हणाला, "मला काय विचारता, मला इथे कोण विचारतं?" मीसुद्धा हसले, नाही असं नाही. मग इस्त्रीनं माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही धाकटे आहात, सांगा, ताई उद्या गेल्या तर कंपनीचं काय?

मी धाकट्यासारखी मागे रेलले आणि म्हटलं, "ताईचं काम काय, कोणीही शिकेल. शिकतेच आहे की ती मुलगी."

कोणी हसलं नाही. इस्त्री पेन बंद-उघड करत बसला. मी धाकट्याकडे बघत राहिले, कारण मला एवढंच हवं होतं की त्यानं म्हणावं, ताई, काहीतरीच काय. त्यानं एवढं म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो म्हणाला, "चला, पुढचा प्रश्न घेऊ," आणि चष्मा काढून मला परत दिला. माझा होता तो.

बाईंचं ऑफिस उंच इमारतीत होतं. बाहेर लांब कॉरिडॉर, एका बाजूला भिंतीला टेकून खुर्च्या आणि समोर काचेचं दार, ज्यातून आतल्या माणसाची फक्त आकृती दिसायची. इस्त्री आम्हाला सोडून खाली थांबला. आधी आम्हा दोघांना एकत्र बोलावलं आणि धाकट्यानं त्याची गोष्ट सांगितली, त्या संध्याकाळी, त्या टेबलाशी, मी केलेला साचा त्यानं केला. मी मान हलवत होते. बाईंना सर्दी झाली होती. त्या नाक पुसत ऐकत होत्या आणि मधून मधून माझ्याकडे बघत होत्या, गोष्ट तो सांगत असताना. त्या नजरेचा अर्थ मी तिथेच लावायला सुरुवात केली.

मग मला बाहेर बसवून त्याला एकट्याला ठेवून घेतलं. काचेतून दोन आकृत्या दिसत होत्या. एकदा धाकटा पुढे वाकला. एकदा बाईंनी हात वर केला, थांबा म्हणतात तसा. मग बराच वेळ कोणीच हललं नाही. ठरलेलं उत्तर द्यायला इतका वेळ लागत नाही, माझ्या मनात आलं. एका वाक्याचं तर उत्तर. दार उघडून धाकटा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, आणि आई रागावली की लहानपणी जसा करायचा तसा तो माझ्याकडे न बघता पाणी प्यायला गेला. मी विचारलं, काय विचारलं? तो म्हणाला, ठरलेलंच. मी विचारलं, आणि तू काय सांगितलंस? तो म्हणाला, तू जा आत, त्या वाट बघतायत. मला राग आला. बरं झालं. रागात मला नीट बोलता येतं.

आत बाईंनी माझ्या कामाचं बरंच काही विचारलं. शिट्टी का वाजते, लहान मुलांचे साचे लवकर का बदलावे लागतात. त्या नीट ऐकत होत्या. इतकं नीट माझं आजवर कोणी ऐकलेलं नव्हतं, हे कबूल करते, आणि ऐकलं की मी पाघळते हेही कबूल करते. मग त्यांनी रुमाल बाजूला ठेवला आणि तो प्रश्न विचारला. पुढे म्हणाल्या, हा नुसता विचारायचा म्हणून विचारत नाही. मी पैसे घालणार, पण कंपनी एकाच माणसाच्या हातात असेल तरच. दुसऱ्यानं बाजूला व्हायचं, त्याला त्याचा योग्य मोबदला मिळेल.

ठरलेलं उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी विचारलं, माझ्या भावानं काय सांगितलं? बाई म्हणाल्या, ते मी सांगत नाही. पण बोलताना त्या हसल्या, आणि ते हसणं मला कीव केल्यासारखं वाटलं. म्हणजे झालंच, मी स्वतःशी म्हटलं. केसानं गळा कापला यानं, आणि मी इथे 'दोघं' म्हणून बसले तर याच्यासारखी मूर्ख मीच.

"मला ठेवा," मी म्हणाले.

त्यांनी कारण विचारलं. आणि मग मी थांबले नाही. पहिला साचा त्यानं केलेला नाही, मी केलाय, हे सांगितलं. फुकट साचे नेणाऱ्यांना तो गिऱ्हाईक म्हणून मोजायचा, हेही सांगितलं, जे त्यानं केव्हाच बंद केलं होतं. ॲप काय, मी म्हटलं, त्याचं काम कोणीही शिकेल. माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं, पण तोवर ते बोलून झालं होतं. बाईंनी काही लिहिलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे. मग आता मला कोणाला परत आत बोलवायची गरज नाही." त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. दाराबाहेर पडताना मी जिंकले होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या हातून काही काढून घ्यायच्या आत मीच ते घट्ट धरलं होतं.

धाकटा कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसला होता. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, थांब जरा, बस. मी बसले नाही, मग तोच मान वर करून बोलायला लागला.

"तुला सांगायलाच हवं. बाई एकालाच ठेवणार हे मला आधीपासून माहीत होतं. इस्त्रीनं फोनवर सांगितलं होतं." हे नाव त्याला माहीत आहे हेही मला तेव्हा कळलं. "मी म्हटलं, ताईला यातलं काही माहीत नाही, कळूही द्यायचं नाही. खरं सांगू? तेव्हा माझ्या मनात माझंच नाव होतं. ती मुलगीही त्यासाठीच आणली. आत्ता आत जाईपर्यंत माझंच नाव होतं, ताई."

म्हणजे माझा संशय खरा होता. मला वाटलं होतं की तो खरा ठरला की मला बरं वाटेल.

"पण तिनं समोरून विचारलं ना, तेव्हा जमलं नाही," तो म्हणाला. "ती गोष्ट सांगताना तू मान हलवत होतीस. ते डोळ्यांसमोरून जाईना. मी तिला सांगितलं, ताईला ठेवा. गोष्ट खोटी आहे, साचा तिचा आहे, माझं काम दुसरं कोणीही करेल."

काचेच्या दारामागे बाईंची आकृती उठून खिडकीकडे गेली. धाकट्यानं लगेच तिकडे पाहिलं, शर्ट नीट केला आणि खुर्चीत सरळ बसला.

"पण अजून काही बिघडलेलं नाही," तो घाईघाईनं म्हणाला. आता त्याच्या चेहऱ्यावर जरा धुगधुगी आली होती. "ती म्हणाली, तुमच्या ताईही एकाचंच नाव घेतात का ते बघते. त्या 'दोघं' म्हणाल्या, तर मी तुम्हाला परत आत बोलवीन, आणि आपण तिघं बसून दोघांना ठेवायचं काही जमतं का ते बघू. मी म्हटलं, ती 'दोघं'च म्हणणार. माझी ताई आहे, ठरलं की ठरलं. म्हणून थांबलोय. बोलावेल आता."

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. तो दाराकडे बघत होता. मला त्याला सांगायचं होतं की तुझ्यामुळेच झालं हे, तू त्या दिवशी तालमीत एक शब्द बोलला असतास तर. हे सगळं खरंही होतं. पण त्यातलं एकही वाक्य त्या कॉरिडॉरमध्ये बोलण्यासारखं राहिलं नव्हतं. मला माझीच इतकी किळस आली की मी हात मांडीखाली दाबून बसले.

आतला दिवा बंद झाला. बाई दुसऱ्या दारानं निघून गेल्या असाव्यात, कारण काचेत आता कोणी दिसत नव्हतं. धाकटा तरी बसूनच होता.

"चल घरी," मी म्हणाले. "ती नाही बोलावणार."

"तुला काय माहीत?" तो म्हणाला, आणि हसत माझ्याकडे वळला. मी मान वर केली नाही. त्याचं हसू जायला थोडा वेळ लागला. मग त्यानं पायाशी ठेवलेली लॅपटॉपची बॅग उचलली, तिचा पट्टा नीट गुंडाळला आणि ती माझ्या मांडीवर ठेवली.